टवका भरा, गिटार रंगवू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कॉलेजांच्या फिरोदिया करंडक स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की पुण्यातल्या इलेक्ट्रिक गिटारना टवके पडायला लागतात. दुचाकीवर मागे बसलेल्याच्या पाठीवरची गिटार लिफ्टच्या दाराला आपटते, माइकच्या स्टँडवर ठेचते, नाहीतर भिंतीला टेकवून ठेवलेली घसरून फरशीवर पडते. मग दोन सल्ले ठरलेले असतात. एक, ‘राहू दे, आवाजाला काही होत नाही.’ दुसरा, ‘गाडीच्या पेंटरकडे टाक, अख्खी नवी करून देईल.’ पहिला सल्ला अर्धा खरा आहे. भरीव बॉडीच्या गिटारमध्ये पिकअप तारेचं कंपन टिपतो, त्यामुळे नखाएवढा रंग उडाल्यानं ऐकू येण्यासारखा फरक पडत नाही. पण टवक्याच्या कडेला सुटलेला थर बाहीत, पट्ट्यात अडकून पुढे सोलत जातो, हे त्या सल्ल्यात येत नाही. दुसरा सल्ला मात्र सरळ नुकसानीचा आहे, आणि हे पत्र मुख्यतः त्याविरुद्ध आहे.

गाडी रंगवणारा कारागीर आपल्या कामात तरबेज असतो, पण त्याचा हात पत्र्यावर बसलेला असतो. जुना रंग काढायला तो घासायचं यंत्र फिरवतो आणि बॉडीच्या कडांची मूळ गोलाई जाते. पिकअपच्या खाचेत गुणगुण कमी व्हावी म्हणून लावलेला काळा वीजवाहक रंग नव्या थराखाली गाडला जातो. नेक, म्हणजे गिटारचा दांडा, जिथे चार स्क्रूंनी बसते त्या खाचेत दोन-तीन थर चढले की नेक आत जाईना होते. ती दाबून बसवली की खाचेच्या कोपऱ्यालाच तडा जातो. रंग लवकर वाळावा म्हणून तापलेल्या दिव्याखाली ठेवली तर जोडांचा डिंक मऊ पडण्याची भीती वेगळीच. चिंचोक्याएवढ्या टवक्यासाठी हा खटाटोप कशाला? बहुतेक गिटारवर तेवढा टवका घरी दोन संध्याकाळी आणि मधल्या एका रात्रीत भरता येतो, रंगही लावावा लागला तर आणखी एक दिवस.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. टवका डोळ्यात खुपतो तो रंगापेक्षा कडेमुळे. ट्यूबलाइटखाली गिटार तिरकी धरून पाहा. दिव्याचं प्रतिबिंब बॉडीवर सरळ रेघेसारखं पडतं आणि टवक्यापाशी मोडतं. छटा किंचित चुकली तर ती दोन हातांवरून कळत नाही, पातळी केसभर चुकली तरी प्रकाश चुगली करतो. लोक नेमकं उलट करतात. रंग जुळवण्यात आठवडा घालवतात आणि सपाटीला दहा मिनिटं देतात.

आता फिनिश, म्हणजे बॉडीवरचा रंग-लॅकरचा थर, कुठलं आहे ते ओळखणं. जुन्या काळच्या अमेरिकन गिटारवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असे. फेंडर कंपनीनं १९५० आणि ६० च्या दशकांत खास रंगांसाठी ड्यूपाँटचे ड्यूको आणि ल्यूसाइट हे मोटारींचे रंग वापरले. आपल्याकडे फर्निचरवाले आजही ‘ड्यूको मारून देतो’ म्हणतात, तो शब्द त्याच डब्यावरून आलेला आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फेंडर जाड पॉलिस्टरकडे वळली. गिब्सन अमेरिकेत बनणाऱ्या बहुतेक गिटारना अजून नायट्रोच लावते. पुण्यातल्या दुकानांत मिळणाऱ्या स्क्वायर, यामाहा, आयबानेझ, कोर्ट, एपिफोन यांतल्या बहुतांश गिटारवर पॉलिस्टर किंवा पॉलियुरेथेन असतं. बोलताना दोन्हींना ‘पॉली’ म्हणतात.

टवक्याची कड पाहिली तरी अंदाज येतो. पॉली काचेसारखं तुटतं. कड जाड आणि धारदार, कधी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. नायट्रोचा थर कागदाइतका पातळ असतो आणि जुना झाला की त्यावर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं दिसतं. खात्री करायची तर पिकगार्ड, म्हणजे तारांखाली बॉडीवर बसवलेला प्लास्टिकचा पत्रा, काढा, त्याच्या खालच्या झाकल्या जाणाऱ्या भागावर कानाच्या काडीनं ॲसिटोनचा एक थेंब लावा आणि काही सेकंदांत पुसा. पृष्ठभाग चिकट झाला, काडीला रंग आला, तर नायट्रो किंवा त्याच्या जवळचं लॅकर. काहीच झालं नाही तर पॉली. ही चाचणी दर्शनी भागावर कधीही करू नये. पॉलीवरून ॲसिटोन निमूट निघून जातं, नायट्रोवर कायमचा डाग ठेवून जातं.

पॉलीची गिटार असेल तर भरणासाठी सायनोॲक्रिलेट डिंक सगळ्यात सोयीचा, म्हणजे आपलं फेविक्विक किंवा तशाच जातीचा दुसरा. तो वाळल्यावर पारदर्शक राहतो, कडक होतो, घासता येतो आणि त्याला चकाकी येते. एमसील करडं आणि अपारदर्शक. लाकडालाच खोल खड्डा पडला असेल आणि वरून गडद रंग येणार असेल तरच ते तळाशी चालेल. साधं ॲरल्डाइट पिवळसर पडतं आणि पॉलिश पेपरखाली चिकट गोळे करतं. फेविबाँड रबरासारखाच राहतो, तो घासला जातच नाही. फेविक्विकमध्ये खाण्याचा सोडा टाकायची युक्ती नटच्या, म्हणजे नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, झिजलेल्या खाचेपुरती ठीक. टवक्यात ती पांढरा, दगडासारखा ठिपका देते.

किती डिंक लागतो? चार मिलिमीटर लांब, तीन रुंद आणि अर्धा खोल टवका म्हणजे जेमतेम सहा घन मिलिमीटर. एक थेंब याच्या कितीतरी पट मोठा असतो. म्हणून ट्यूबचं तोंड थेट टवक्याला लावू नये. प्लास्टिकच्या झाकणावर थेंब काढून घ्यावा आणि शिवणाच्या सुईच्या टोकानं उचलावा. लाकडी टूथपिक चालते, पण लाकडाला लागल्यावर हा डिंक लवकर घट्ट होतो आणि ओघळाऐवजी गुठळी पडते.

बाकी सामान थोडं आहे. वॉटर पेपर ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे, एकेक ताव. बारीक दाण्याचं रबिंग कंपाउंड आणि जमलं तर त्यावरचं पॉलिश. नाना पेठेत गाड्यांच्या सामानाच्या दुकानांत दोन्ही मिळतं. बोहरी आळीतून दाढीची ब्लेडं, मास्किंग टेप आणि सेलोटेप. अप्पा बळवंत चौकातून शून्य-शून्य नंबरचा ब्रश आणि एक कडकसं खोडरबर. घरातून कॅरमचा स्ट्रायकर, मायक्रोफायबरचा रुमाल, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब आणि गिटार आडवी ठेवायला गोधडी.

सुरुवात साफसफाईनं. गिटारवर फिरवलेल्या चकचकीत पॉलिशमध्ये बऱ्याचदा सिलिकॉन असतं. ते राहिलं तर रंग माशाच्या डोळ्यासारखा वर्तुळं करून पसरतो आणि डिंक धरत नाही. लायटरच्या पेट्रोलनं टवका आणि भोवतालचा दोन बोटं भाग पुसून घ्यावा. ते पॉली आणि नायट्रो दोन्हींना मानवतं, फक्त खिडकी उघडी आणि गॅस बंद. पिकअपवर, पुलाच्या (बॉडीवर तारा टेकतात त्या ब्रिजच्या) स्क्रूंवर, खटक्यांवर मास्किंग टेप लावावी. टवका पुलाजवळ असेल तर तारा काढूनच बसावं.

टवक्याभोवती पांढुरकं वलय दिसत असेल तर तिथे फिनिश लाकडापासून सुटलेलं आहे आणि मध्ये हवा शिरली आहे. पातळ डिंकाचा सुईभर थेंब कडेला टेकवला की तो आपोआप आत ओढला जातो आणि वलय डोळ्यांदेखत नाहीसं होतं. वरून प्लास्टिकचा कागद ठेवून बोटानं मिनिटभर दाबून धरावं. या कामात याइतकं समाधान दुसऱ्या कशात नाही. एवढं केलं आणि पुढचं काहीच केलं नाही, तरी टवका वाढायचा थांबतो.

उडालेला तुकडा सापडला असेल तर नशीबच. जाड पॉलीचा तुकडा बहुधा अखंड निघतो. फरशीवर, बॅगेच्या तळाशी तो शोधावा आणि काडेपेटीत जपून ठेवावा. त्याची आणि खाचेची कड न घासता आधी कोरडा बसवून पाहावा. मग खाचेत सुईनं डिंकाचा अगदी पातळ थर द्यावा, तुकडा चिमट्यानं ठेवून दाबावा. उरते ती केसाएवढी फट. ती भरली की काम झालं, रंग जुळवायचा प्रश्नच येत नाही.

तुकडा नसेल तर रंग. इथे पाहायचं की टवका किती खोल गेलाय. वरचा पारदर्शक थरच उडाला असेल आणि खालचा रंग शाबूत असेल तर रंगाला हात लावू नका, सरळ डिंक भरा. पांढरा किंवा करडा अस्तराचा थर, नाहीतर लाकूड दिसत असेल तरच रंग हवा. गाड्यांच्या टच-अप बाटल्या असतातच, पण छटांची खरी खाण तुळशीबागेत आहे. नेलपॉलिश हे मुळात नायट्रोसेल्युलोज लॅकरच आहे, आणि लाल, मोतिया, निळ्याच्या जितक्या छटा तिथल्या एका ठेल्यावर दिसतात तितक्या रंगाच्या दुकानाच्या तक्त्यात नसतात. चमकीवालं मात्र टाळावं. दोन छटा मिसळायच्या तर काचेच्या तुकड्यावर मिसळाव्यात, वाळू द्याव्यात आणि मग तो तुकडा गिटारवर उलटा-सुलटा ठेवून पाहाव्यात. ओला रंग आणि वाळलेला रंग एक नसतो. दिवसाच्या उजेडात आणि ट्यूबखाली दोन्हीकडे पाहायचं, कारण उन्हात जुळलेला लाल रंग ट्यूबखाली तपकिरी वाटू शकतो.

पांढरी गिटार खरं तर पांढरी नसते. काही वर्षांत वरचा थर पिवळतो, म्हणून शुभ्र रंगाचा ठिपका पट्टीसारखा उठून दिसतो. त्यात पिवळ्याचा आणि तपकिरीचा जेमतेम स्पर्श हवा. मेटॅलिक रंगाबाबत अपेक्षाच कमी ठेवावी. कारखान्यात फवाऱ्यातून ॲल्युमिनियमचे कण एका विशिष्ट पद्धतीनं आडवे बसतात, ब्रशनं ते तसे बसत नाहीत. समोरून जुळलेला ठिपका बाजूनं पाहिला की काळा पडलेला दिसतो. सनबर्स्टमध्ये, म्हणजे मध्ये फिकट आणि कडेला गडद होत जाणाऱ्या रंगात, रंग पारदर्शक असतो, तिथे आधी लाकडाची छटा आणि तिच्यावर गडद छटा अशा दोन पायऱ्या घ्याव्या लागतात. काळा जुळवायला सगळ्यात सोपा आणि घासायला सगळ्यात निर्दयी.

रंग लावताना होणारी चूक म्हणजे तो काठोकाठ भरणं. रंगाच्या वर डिंकाला जागा उरली पाहिजे, नाहीतर घासताना कागद आधी रंगच खातो. अगदी पातळ दोन हात, तळापुरते आणि कडेच्या भिंतींना, आणि रंग आजूबाजूच्या पातळीच्या स्पष्ट खाली. नेलपॉलिश हाताला कोरडं लागलं तरी आतला थिनर उडायला वेळ घेतो. त्यावर लगेच डिंक टाकला तर रंग डिंकात फुटून धुरकट होतो. एक पूर्ण दिवस थांबावं.

मग डिंक. सुईनं मध्यभागी टेकवायचा आणि कडेपर्यंत ढकलत न्यायचा. पहिला थर तळ झाकेल इतकाच. अर्धा-पाऊण तास थांबून दुसरा. तीन ते पाच थरांत खड्डा भरतो, आणि शेवटचा थर आजूबाजूच्या पातळीच्या किंचित वर, बोट फिरवल्यावर उंचवटा जाणवेल इतका ठेवायचा. एकदम एकच मोठा थेंब टाकला तर वरची साय धरते, आत कच्चं राहतं, आणि आठवड्यानं मध्ये खळगा पडतो. लवकर वाळवणारा फवारा मिळतो, पण जाड थरावर तो मारला की डिंक तापून आत बुडबुडे आणि पांढरा फेस होतो. तो काढायला सगळं पुन्हा खरवडावं लागतं. शेवटच्या थरानंतर रात्रभर हात लावू नये.

एक धोक्याची सूचना इथेच. सांडलेला डिंक सुती फडक्यानं, कापसानं किंवा टिश्यूनं पुसू नका. सुताला लागल्यावर तो इतक्या झपाट्यानं घट्ट होतो की बोट भाजेल एवढी उष्णता निघते, कधी धूरही. प्लास्टिकच्या तुकड्यानं टिपून घ्या. बॉडीवर ओघळ गेला तर तो तसाच वाळू द्या, नंतर उंचवट्याबरोबर तोही खरवडता येतो. डोळे टवक्याच्या अगदी वर आणू नका, वाफ झोंबते.

आता सपाटी, म्हणजे खरं काम. नवं ब्लेड घ्यावं, दोन्ही टोकांना सेलोटेपची एकेक पट्टी गुंडाळावी, मध्ये सहा-आठ मिलिमीटर धार उघडी ठेवावी. टेपची जाडी मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास असते. तेवढ्यानं धार फिनिशपासून वर राहते आणि फक्त डिंकाच्या उंचवट्याला लागते. ब्लेड जवळजवळ उभं धरून, किंचित आपल्याकडे कलवून, हलक्या हातानं ओढायचं. कापायचं नसतं, खरवडायचं असतं. पांढरी भुकटी निघाली की बरोबर चाललंय, डिंकाचे तुकडे उडत असतील तर डिंक अजून कच्चा आहे किंवा ब्लेड फार आडवं पडलंय. दोन्ही टेपा बॉडीवर टेकून ब्लेड नुसतं घसरायला लागलं की थांबा. उरलेला उंचवटा टेपच्या जाडीएवढाच असतो आणि तो कागदाचं काम आहे.

वॉटर पेपर दहा मिनिटं पाण्यात भिजवावा, पाण्यात लिक्विडचे दोन थेंब. सपाट भागावर कागद स्ट्रायकरभोवती गुंडाळावा, कारण बोटानं दाबलेला कागद मऊ रंग आधी खातो आणि कडक डिंक तसाच टेकाडासारखा उभा ठेवतो. बॉडीच्या वळणावर उलट, तिथे स्ट्रायकर एकाच रेषेवर टेकून खड्डा पाडतो, खोडरबर घ्यावं. ८०० नं फक्त उंचवट्यावर, दहा-पंधरा हलके फटकारे, मग पुसून पाहायचं. भोवतालचा भाग मंद झाला आणि मध्ये एक चकाकती बेटासारखी जागा राहिली, तर तिथे डिंक खाली आहे. घासत राहून ती जुळवू नका. साफ करून, वाळवून तिथे आणखी एक सुईभर थेंब द्या. एकदा तरी हे करावं लागतंच. न लागलं तर पुन्हा नीट पाहा.

पाण्याच्या रंगावर नजर ठेवा. पाणी पांढुरकं येतंय तोवर तुम्ही वरच्या पारदर्शक थरात आहात. त्यात गिटारचा रंग उतरला की तत्क्षणी थांबा, तुम्ही थर ओलांडला आहे. बॉडीच्या कडांवर हे फार पटकन होतं, कारण तिथे थर मुळातच पातळ असतो. कडेवरच्या टवक्याला ८०० लावूच नये, १००० पासून सुरू करावं आणि ब्लेडचं काम जास्त घ्यावं. पाणी स्क्रूच्या भोकांत आणि उघड्या लाकडात जाऊ देऊ नका. लाकूड फुगतं आणि भोकाभोवतीचं फिनिश वर उचललं जातं, म्हणजे एका टवक्याचे दोन.

पुढे १०००, १५००, २०००. दर वेळी घासण्याची दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या कागदाचे चरे गेले की नाहीत ते दिसतं. आधीच्या नंबरचा एकही चरा उरला असेल तर पुढचा कागद तो काढत नाही, फक्त झाकतो, आणि तो कंपाउंड मारल्यावर चकाकीत हसत उभा राहतो. शेवटी कंपाउंड, हातानं, मायक्रोफायबरवर वाटाण्याएवढं, दोन-तीन मिनिटं. ड्रिलला पॅड लावून वेळ वाचवायचा मोह होतो. पॅड कडेत अडकला किंवा एका जागी तापला तर डिंक आणि नायट्रो दोन्ही मऊ होऊन ओढले जातात. मग पुन्हा ट्यूबलाइटखाली गिटार तिरकी धरावी. रेघ न मोडता गेली तर झालं.

मॅट किंवा सॅटिन फिनिशच्या गिटारला कंपाउंड लावू नये, तिथे चकचकीत डाग पडतो आणि तो टवक्यापेक्षा वाईट दिसतो. १५०० नंतर गाड्यांच्या दुकानात मिळणाऱ्या करड्या स्क्रबनं एकाच दिशेनं फिरवावं. भांड्यांचा हिरवा स्क्रब फार खरखरीत. स्टीलचं लोकर वापरलं तर त्याचे कण पिकअपच्या चुंबकाला चिकटतात आणि वर्षानुवर्षं निघत नाहीत.

पुण्याच्या पावसाळ्याबद्दल थोडं. हा डिंक हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये तो हातातच धरतो आणि भोवती पांढरी बुरशीसारखी झाक उमटते. घाबरू नये, ती वाफेची आहे आणि कंपाउंडनं जाते. पंखा लांब, मंद, थर आणखी पातळ. नायट्रोचं काम मात्र त्या दोन महिन्यांत करूच नये. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरतं आणि लॅकर आतून दुधाळ होतं. सावकाश उडणाऱ्या रिटार्डर थिनरनं काही प्रमाणात सावरतं, पण ऑक्टोबरची वाट पाहणं जास्त शहाणपणाचं. डिंकाची फोडलेली ट्यूब घट्ट डब्यात फ्रिजमध्ये टिकते. बाहेर काढल्यावर खोलीइतकी गरम होऊ द्यावी आणि मगच उघडावी, नाहीतर तोंडाशी दव धरून तिथेच आवळते.

नायट्रोच्या गिटारवर भरण नायट्रोचंच करावं. नवं लॅकर जुन्याला किंचित विरघळवून त्यात मिसळतं, कड उरतच नाही. पॉलीमध्ये हे सुख नाही. पण लॅकरचा अर्ध्याहून जास्त भाग थिनर असतो, तो उडाला की थर बसतो. म्हणून दिवसाला एक-दोन थेंब, आठ-दहा दिवस, आणि शेवटच्या थरानंतर निदान तीन आठवडे थांबून मगच घासणं. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी डिंक भरला तरी निभतं, मात्र वर्षांनी भोवतालचं लॅकर पिवळेल आणि भरलेला ठिपका तसाच राहील. गिटार खरोखर जुनी, १९७० च्या आधीची असेल तर काहीच करू नये. अशा वाद्याची किंमत मूळ फिनिशला असते, टवक्यांसकट. आयरिश वादक रॉरी गॅलाघर यांच्या १९६१ च्या स्ट्रॅटोकास्टरवर रंग औषधापुरता उरला होता आणि फेंडरनं तिच्या झिजलेल्या रूपाची प्रतिकृती बनवून विकली. कोरी पॉलीची गिटार अशी सुंदर झिजत मात्र नाही, तिचे टवकेच उडतात, त्यामुळे ‘जुनं दिसेल’ म्हणून टवका तसाच ठेवण्यात अर्थ नाही.

नेकच्या खाचेच्या कोपऱ्यात दिसणारी भेग वेगळी. बहुतेक वेळा ती फक्त फिनिशची असते. नेक काढून लायटरचं पेट्रोल पुसल्यावर लाकडातही ओली रेघ दिसत असेल तर डिंक न टाकता तंतुवाद्यांच्या कारागिराला दाखवावी. फक्त फिनिशची असेल तर पातळ डिंकाचा एक स्पर्श पुरे. खाचेच्या आतल्या भिंतीवर डिंक जाऊ देऊ नये, नाहीतर नेक पुढे कधी काढताना नवा तुकडा घेऊन येते.

शेवटी शहरातल्या विक्रेत्यांना आमची एक विनंती आहे, आणि तेवढ्यासाठी तरी या पत्राला जागा मिळावी. गिटारबरोबर जो कागद देता त्यावर तार कुठल्या नंबरची हे असतं, फिनिश नायट्रो की पॉली हे नसतं. ते हातानं का होईना लिहून द्या. स्वस्त स्टँडचं आणि भिंतीवरच्या हुकचं रबर नायट्रोला आठवड्यांत वितळवून चिकटतं, पट्ट्याचं रेक्झिनही तेच करतं, आणि हे घेणाऱ्याला कळतं तेव्हा नेकच्या मागे काळा वण उठलेला असतो. ज्यांच्याकडे नायट्रोची गिटार आहे त्यांनी आजच स्टँडच्या रबरावर जुन्या सुती बनियनची पट्टी गुंडाळून घ्यावी.

पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. दोन भागांत छापलं तरी हरकत नाही, फक्त सपाटीचा परिच्छेद कापू नये.

कळावे,
आपले,
तंतुवाद्यांच्या दुरुस्तीत हात असलेले काही वाचक,
पुणे